फ्रीजमधला गॅस गळला तर आग लागू शकते का? स्टिकर वाचा, खोली मोजा, धोका स्वतः ओळखा

उन्हाळा आला की फ्रीजला विश्रांती नसते. दिवसातून पन्नास वेळा दार उघडतं, बर्फाच्या कप्प्यात बर्फाचा थर जमतो, ट्रे चिकटून बसतो. मग घाईत कुणीतरी सुरी नाहीतर स्क्रूड्रायव्हर घेऊन बर्फ खरवडायला लागतं. अचानक ‘फुस्स’ असा आवाज येतो, थोडा वेळ चालतो आणि थांबतो. वास नाही, धूर नाही. दार लावलं जातं. दुसऱ्या दिवशी दूध फाटतं तेव्हा कळतं की फ्रीज गार करत नाही. ‘गॅस गेला’ म्हणून मिस्त्रीला फोन जातो.

बहुतेक घरांत ही गोष्ट इथेच संपते. पण तो गॅस गेला कुठे? तो पेटणारा होता का? जवळ चूल किंवा समई पेटती असती तर? आणि मिस्त्रीने दुसराच कुठला गॅस भरला तर? या प्रश्नांची उत्तरं फार अवघड नाहीत. फ्रीजवरचा स्टिकर, खोलीची लांबी-रुंदी आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, एवढ्यावर कुणालाही अंदाज बांधता येतो.

फ्रीजमध्ये आता कोणता गॅस असतो?

जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ नावाचा गॅस असायचा. तो पेटत नसे, पण वातावरणातल्या ओझोनच्या थराला भोक पाडत असे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याच्या जागी आर-१३४ए आला. तोही सहज पेटत नाही, पण पृथ्वीचं तापमान वाढवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त ताकदीचा आहे. २०१६ साली रवांडातल्या किगाली शहरात अशा गॅसचा वापर कमी करायचं ठरलं. भारताने २०२१ मध्ये त्या कराराला मान्यता दिली.

म्हणून गेल्या काही वर्षांत विकल्या गेलेल्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए हा गॅस असतो. त्याचं साधं नाव आयसोब्युटेन. दुकानातले आइस्क्रीमचे डीप फ्रीजर, काचेच्या दाराचे कोल्ड्रिंकचे कूलर आणि काही एसी यांत आर-२९०, म्हणजे प्रोपेन असतो. हे दोन्ही गॅस हवामानासाठी चांगले आहेत, वीजही कमी लागते. पण ते स्वयंपाकाच्या गॅसचे सख्खे भाऊ आहेत. म्हणजे पेटतात.

हे ऐकून घाबरून फ्रीज बाहेर काढायची गरज नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. घरच्या साध्या फ्रीजमध्ये बऱ्याचदा ५० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे सिलिंडरमध्ये फ्रीजच्या सुमारे २८० पट गॅस आहे. घरगुती फ्रीजसाठी आंतरराष्ट्रीय नियमाने अशा गॅसची मर्यादाच १५० ग्रॅम ठेवली आहे.

मात्र एक फरक लक्षात ठेवा. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं, म्हणून गळती नाकाला कळते. फ्रीजच्या गॅसमध्ये तसं काही मिसळत नाहीत. ‘वास नाही, म्हणजे गॅस नाही’ हा हिशोब इथे चालत नाही.

आग लागायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात

नुसता गॅस गळला म्हणून आग लागत नाही. पहिलं, गॅस पेटणारा हवा. दुसरं, तो हवेत ठराविक प्रमाणात मिसळलेला हवा. फार कमी असेल तरी पेटत नाही आणि फार जास्त असेल तरी पेटत नाही. तिसरं, त्याच जागी, त्याच वेळी ठिणगी किंवा ज्योत हवी. तिघांपैकी एक जरी नसेल तर आग नाही.

यातली दुसरी गोष्ट आकड्यात मोजता येते. एका घनमीटर हवेत किती ग्रॅम गॅस झाला की तो पेटण्याजोगा होतो, हे ठरलेलं आहे:

• आर-६००ए (आयसोब्युटेन): सुमारे ४३ ग्रॅम
• आर-२९० (प्रोपेन): सुमारे ३८ ग्रॅम
• आर-३२ (आजकालच्या बऱ्याच एसीमध्ये): सुमारे ३०७ ग्रॅम
• आर-१३४ए, आर-२२, आर-४१०ए: नेहमीच्या परिस्थितीत पेटत नाहीत

सुरक्षित राहायचं तर या आकड्याच्या चौथ्या हिश्शाच्या आतच राहावं. म्हणजे आर-६००ए आणि आर-२९० साठी ढोबळमानाने १० ग्रॅम, तर आर-३२ साठी ७५ ग्रॅम.

हिशोब कसा करायचा?

पायरी १: फ्रीजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ किंवा आत बाजूच्या भिंतीवर स्टिकर असतो. त्यावर गॅसचं नाव (इंग्रजी आर आणि पुढे आकडा) आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. पेटणारा गॅस असेल तर पिवळ्या त्रिकोणात ज्योतीचं चित्र असतं. मोबाईलने स्टिकरचा फोटो काढून ठेवा. नंतर स्टिकर निघाला किंवा पुसला तरी कामाला येतो.

पायरी २: खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा. तिन्हींचा गुणाकार करा आणि ३५ ने भागा. आलं ते घनमीटर.

पायरी ३: गॅसच्या ग्रॅमला घनमीटरने भागा. आलेला आकडा वरच्या यादीशी ताडून बघा.

समजा स्वयंपाकघर १० बाय १० फूट आणि उंची ९ फूट. गुणाकार ९००. भागिले ३५, म्हणजे साधारण २६ घनमीटर. फ्रीजमध्ये आर-६००ए ५० ग्रॅम. सगळाच्या सगळा गळून खोलीभर पसरला तरी एका घनमीटरला जेमतेम २ ग्रॅम. पेटायला ४३ लागतात. म्हणजे धोक्याच्या रेषेच्या वीस पट खाली.

मग काळजीचं काय? काळजी ‘खोलीभर पसरला तर’ या शब्दांत आहे. आयसोब्युटेन हवेपेक्षा दुप्पट जड आहे आणि प्रोपेन दीडपट. गळलेला गॅस धुरासारखा वर जात नाही. तो सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीवर उतरतो, खड्ड्यात, कोपऱ्यात साचतो. वारा नसेल तर बराच वेळ तिथेच राहतो. आपल्याकडे चूल जमिनीवर असते, देवघरातली समई खाली असते, उन्हाळ्यात पंगतीच्या स्वयंपाकाला शेगडीही खाली मांडली जाते. फ्रीजच्या पायाशी आणि ज्योतीच्या पायाशी एकच जमीन असेल तर सरासरीचा हिशोब पुरा पडत नाही.

खरी अडचणीची जागा: फ्रीजचं बंद पोट

आता सुरुवातीच्या सुरीकडे परत येऊ. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याची जी पत्र्याची भिंत दिसते, ती नुसती भिंत नसते. तिच्या आतूनच गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात. पत्रा ॲल्युमिनियमचा, पातळ. सुरीचं टोक लागलं की भोक पडतं आणि गॅस खोलीत नाही, फ्रीजच्या आतच सुटतो.

साध्या फ्रीजचं पोट सुमारे २०० लिटर, म्हणजे ०.२ घनमीटर. इतक्या जागेत पेटण्याजोगं मिश्रण व्हायला किती गॅस लागतो? ४३ गुणिले ०.२, म्हणजे ९ ग्रॅमसुद्धा नाही. फ्रीजमध्ये आहेत ५० ग्रॅम. दार लावून घेतलं की गॅस आतच अडकतो.

मग रोज स्फोट का होत नाहीत? कारण कंपन्यांनी ही शक्यता धरूनच फ्रीज बनवलेला असतो. आतला थर्मोस्टॅट, बल्ब, दाराचं बटण यांतून ठिणगी बाहेर येणार नाही किंवा ती गॅसपर्यंत पोहोचणार नाही, अशी त्यांची रचना असते. कॉम्प्रेसरला लागलेला रिलेसुद्धा ठिणगी न उडणारा असतो.

हे कवच तुटतं ते दुरुस्तीत. थर्मोस्टॅट गेला, बाजारातला साधा बसवला. रिले गेला, जुन्या पद्धतीचा ‘टक्’ वाजणारा जोडला. बल्बचा होल्डर मोडला, वायर नुसत्या टेपने गुंडाळली. फ्रीज चालू झाला म्हणून गिऱ्हाईक खूश. पण आता त्या बंद पोटात ठिणगीला जागा मिळाली. म्हणून आर-६००ए च्या फ्रीजला विजेचा कोणताही सुटा भाग टाकताना ‘हा याच गॅसच्या फ्रीजचा आहे ना?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

छोटी टपरी, मोठा डीप फ्रीजर

घरापेक्षा दुकानाचा हिशोब जास्त नाजूक आहे. समजा स्टँडवर ६ बाय ६ फुटांची पत्र्याची टपरी आहे, उंची ७ फूट. गुणाकार २५२, भागिले ३५, म्हणजे ७.२ घनमीटर. आत आइस्क्रीमचा डीप फ्रीजर, त्यात आर-२९० १०० ग्रॅम. सगळा गॅस गळून टपरीभर सारखा पसरला तर घनमीटरला १४ ग्रॅम. सुरक्षित १० ची मर्यादा इथेच ओलांडली.

आणि तो सारखा पसरला नाही, खालच्या एक तृतीयांश उंचीतच राहिला तर? १४ च्या तिप्पट, ४२ ग्रॅम. पेटायला ३८ पुरतात. त्याच टपरीत चहाचा स्टोव्ह किंवा वड्याची शेगडी खाली ठेवलेली असेल, रात्री शटर ओढून गच्च बंद केलेलं असेल आणि सकाळी शटर उघडल्या उघडल्या कुणी काडी ओढली, तर काय होईल ते सांगायला नको.

उपाय खर्चिक नाही. टपरीच्या खालच्या बाजूला, जमिनीलगत, समोरासमोर जाळीची दोन झरोके ठेवा. वरची खिडकी या गॅससाठी पुरेशी नाही, कारण तो वर येतच नाही. सकाळी शटर उघडलं की पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या, मग शेगडी पेटवा. फ्रीजर आणि ज्योत यांत जितकं अंतर ठेवता येईल तितकं ठेवा आणि शेगडी उंचावर घ्या. दुकानातल्या नव्या यंत्रांना आता आंतरराष्ट्रीय नियमाने १५० ग्रॅमहून जास्त, ५०० ग्रॅमपर्यंत असा गॅस चालतो. म्हणून नवा मोठा कूलर घेताना ग्रॅमचा आकडा आधी विचारा, मग तो कुठे ठेवायचा ते ठरवा.

एसीचं काय?

तालुक्याच्या गावांत आता एसीही आले. बऱ्याच नव्या एसीत आर-३२ असतो. तो पेटतो, पण मोठ्या मुश्किलीने. त्याला पेटायला प्रोपेनच्या शंभर पटींहून जास्त ऊर्जेची ठिणगी लागते आणि पेटला तरी ज्योत सावकाश पसरते. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर. एसीत ८०० ग्रॅम आर-३२ असेल आणि सगळा गळला तरी घनमीटरला २४ ग्रॅम. पेटायला ३०७ लागतात.

आर-२९० च्या एसीचा हिशोब वेगळा. त्याच खोलीत ३४० ग्रॅम गळला तर घनमीटरला १० ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या काठावर. खोली याहून लहान असेल तर काठाच्या पलीकडे. म्हणूनच अशा एसीच्या पुस्तिकेत ‘कमीत कमी एवढ्या क्षेत्रफळाच्या खोलीतच बसवा’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ सोडून देऊ नका.

आर-३२, आर-४१०ए, आर-१३४ए हे गॅस ज्वाळेत सापडले तर त्यातून घसा आणि फुप्फुसं जाळणारा विषारी वायू तयार होतो. पेटत नाही म्हणजे निरुपद्रवी, असं नाही. गळती असलेल्या खोलीत वेल्डिंग किंवा चूल चालवू नये, ते यासाठीही.

मिश्रणाचा घोळ: स्टिकर एक, पोटात भलतंच

आतापर्यंतचा सगळा हिशोब एका गोष्टीवर उभा आहे: स्टिकरवर जे लिहिलंय तेच आत आहे. गावोगावच्या दुरुस्तीत नेमकं इथेच गणित चुकतं.

काही गॅस मुळातच दोन-तीन गॅसचं मिश्रण असतात. आर-४१०ए म्हणजे आर-३२ आणि आर-१२५ निम्मे-निम्मे. आर-३२ एकटा पेटतो, पण आर-१२५ त्याला दाबून धरतो, म्हणून मिश्रण पेटत नाही. प्रोपेन आणि आयसोब्युटेन यांचं मिश्रणही जुन्या फ्रीजमध्ये भरायला वापरलं जातं. ते अर्थातच पेटतं.

मिश्रण गळायला लागलं की काय होतं ते समजायला एक उदाहरण पुरेसं आहे. पेट्रोल आणि डिझेल एकत्र करून बाटली उघडी ठेवली तर पेट्रोल आधी उडून जातं, मागे डिझेल जास्त राहतं. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ अंशाला. म्हणून गळतीत प्रोपेन आधी बाहेर पडतो. बाहेर आलेला गॅस वेगळा, आत उरलेला वेगळा आणि मूळ भरलेला तिसराच. आर-४१०ए मध्ये दोन्ही गॅस जवळपास सारख्याच तापमानाला उकळतात, म्हणून तिथे हा फरक थोडा पडतो. इतर मिश्रणांत जास्त पडू शकतो.

गॅसला ‘पेटणारा’ किंवा ‘न पेटणारा’ असा शिक्का देताना तज्ज्ञ ही गळती गृहीत धरतात. मिश्रणातला कुठलाही भाग आधी निघून गेला आणि उरलेलं जास्तीत जास्त धोकादायक झालं तरी ते पेटतं का, हे तपासूनच शिक्का मिळतो. पण तो शिक्का कारखान्यातून आलेल्या मिश्रणाचा असतो. मिस्त्रीने अर्ध्या रिकाम्या मशीनमध्ये हाताशी असलेल्या दुसऱ्या सिलिंडरमधून ‘थोडा टॉपअप’ केला, की तो शिक्का संपला.

समजा एका जुन्या एसीवर आर-२२ लिहिलंय. आर-२२ पेटत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं आगीचा धोका शून्य. गॅस गेल्यावर मिस्त्रीने स्वस्त पडतो म्हणून ४५० ग्रॅम प्रोपेनचं मिश्रण भरलं. वरच्याच ३४ घनमीटरच्या खोलीत तो गळला तर घनमीटरला १३ ग्रॅम, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या बाहेर. आणि त्या एसीचे स्विच, रिले, पंख्याची मोटर पेटणाऱ्या गॅससाठी बनवलेलेच नाहीत. वर पुढच्या वर्षी येणारा दुसरा मिस्त्री स्टिकर वाचतो, ‘आर-२२ आहे’ म्हणून बिनधास्त नळी टॉर्चने कापायला घेतो. फसवलं गेलेलं गिऱ्हाईक एक, भाजणारा माणूस दुसराच.

चुकीचा गॅस काय करतो याचं जगाला धक्का देणारं उदाहरण २०११ चं आहे. आपली द्राक्षं ज्या प्रकारच्या गार कंटेनरमधून परदेशात जातात, त्याच प्रकारच्या कंटेनरांत आर-१३४ए च्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला बनावट गॅस भरला गेला होता. त्याची आतल्या ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हवा लागताच पेटणारा पदार्थ तयार झाला. व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये कंटेनरचे स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. बाहेरून सिलिंडर नेहमीसारखाच दिसत होता.

स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून फ्रीज भरण्याचे व्हिडिओही मोबाईलवर फिरतात. तसं करू नका, कुणाला करू देऊ नका. त्या गॅसमध्ये प्रोपेन-ब्युटेनचं प्रमाण ठराविक नसतं, त्यात ओलावा आणि वासाचं रसायन असतं आणि त्याचा दाब आर-६००ए पेक्षा बराच जास्त असतो. फ्रीज चार दिवस गार करेलही, पण आत काय आहे हे मग कुणालाच सांगता येणार नाही.

सगळ्यात धोक्याचा अर्धा तास: दुरुस्ती

फ्रीज रोज चालतो तेव्हापेक्षा तो उघडला जातो तेव्हा धोका जास्त. कारण तेव्हा गॅस, हवा आणि टॉर्चची ज्योत एकाच जागी येतात. म्हणून मिस्त्री आला की या गोष्टी बघा:

• स्टिकर वाचतोय का? न वाचता काम सुरू करत असेल तर थांबवा.
• फ्रीज अंगणात किंवा मोकळ्या पडवीत घेतलाय का? बंद स्वयंपाकघरात नळी कापायची नाही.
• गॅस आधी बाहेर मोकळ्यावर काढलाय का, मग नायट्रोजनने नळ्या साफ केल्यात का? आधी टॉर्च आणि मग गॅस, हा उलटा क्रम जीवघेणा आहे.
• नळी कटरने कापतोय की ज्योतीने? गॅस असण्याची शक्यता असेल तर कटरच.
• गळती तपासायला नायट्रोजन वापरतोय का? ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. दाबातला ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. साधी दाबाची हवाही नको. गळती शोधायला साबणाचा फेस, काडी पेटवून बघणं नाही.
• गॅस वजनकाट्यावर मोजून भरतोय का? जिथे सगळा मिळून ५० ग्रॅम गॅस आहे तिथे ‘अंदाजे’ चालत नाही.

आर-६००ए ची एक खोड मिस्त्रींनीही लक्षात ठेवावी. फ्रीज चालू असताना या गॅसचा गार बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असू शकतो. तिथे भोक असेल तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. म्हणजे पेटणारा गॅस आणि हवा यांचं मिश्रण मशीनच्या आतच तयार होतं. एसी काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतात, तेव्हाही हीच भीती असते. नळी आधी सैल झाली आणि कॉम्प्रेसरने हवा ओढली, तर आतलं तेल दाबाने तापून युनिट फुटू शकतं, मग गॅस न पेटणारा का असेना.

काम झाल्यावर भरलेल्या गॅसचं नाव, वजन आणि तारीख फ्रीजच्या मागे ठळक लिहून घ्या. बिलावरही तेच. वेगळा गॅस भरला असेल तर जुना स्टिकर झाकून नवा लावा. हे दोन मिनिटांचं काम पुढच्या मिस्त्रीचा जीव वाचवू शकतं.

गॅसच्या नादात वायर विसरू नका

फ्रीजला लागणारी प्रत्येक आग गॅसमुळे लागत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या इमारतीला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत सुरुवात एका मोठ्या फ्रीजमधल्या विजेच्या बिघाडातून झाल्याचं पुढे आलं. कमी-जास्त होणारा दाब, सैल प्लग, एकाच बोर्डावर फ्रीज, मिक्सर आणि मोटर, उंदरांनी कुरतडलेली वायर, ही आपल्याकडची रोजची कारणं आहेत. ठिणगी तिथून येते, गॅस आणि फ्रीजचं प्लास्टिक नंतर तिला साथ देतात. अर्थिंग नीट असणं, फ्रीजला स्वतंत्र तीन पिनांचा प्लग असणं आणि मागे भिंतीपासून हवेला जागा असणं, हे तिन्ही आधी तपासा.

‘फुस्स’ आवाज आला तर काय करायचं?

• आधी ज्योत विझवा: चूल, शेगडी, समई, उदबत्ती, विडी.
• फ्रीजचं दार उघडं असेल तर उघडंच राहू द्या. गॅस आत कोंडू नका.
• खोलीची दारं-खिडक्या उघडा, जमिनीलगतचं दार आधी.
• त्या खोलीतलं कोणतंही बटण दाबू नका, प्लग ओढू नका, पंखा लावू नका. वीज बंद करायची तर खोलीबाहेरच्या मेन स्विचवरून.
• लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना बाहेर न्या. अर्धा तास तरी हवा खेळू द्या.
• उडालेला गॅस अंगावर आला असेल तर कातडी गारठून भाजल्यासारखी होते. साध्या पाण्याने धुवा, चोळू नका. डोळ्यात गेला तर लगेच दवाखाना.
• आग दिसली तर फ्रीजशी झुंजत बसू नका. बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. वीज चालू असताना पाणी मारू नका.

आवाज ऐकू आला नाही, पण फ्रीज अचानक गार करेनासा झाला, कॉम्प्रेसर थांबतच नाही किंवा नळीच्या सांध्यावर तेलाचा ओशट डाग दिसतोय, तर गळतीचा संशय घ्या. आधी मेन बंद करा, मग दार उघडून ठेवा.

आणि बर्फ? तो खरवडायचाच नाही. रात्री फ्रीज बंद करा, दार उघडं ठेवा, खाली फडकं अंथरा. घाई असेल तर कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत बर्फ आपोआप सुटतो. सुरी भाजीसाठी ठेवा.

आज संध्याकाळी फ्रीजच्या मागे मोबाईलचा टॉर्च मारा आणि स्टिकरवरचे दोन आकडे वाचा: गॅस कोणता, ग्रॅम किती. दुकानदारांनी टपरीचं मापही घ्यावं. स्टिकरच नसेल किंवा मधल्या काळात कुठला गॅस भरला हे कुणालाच आठवत नसेल, तर तो गॅस पेटणारा आहे असंच धरून चाला आणि पुढच्या दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्रीला हे पहिल्यांदा सांगा.